अश्वशक्तीचा कर आणि कवडीमोल बेंटली

१९३० साली ‘बेंटली ८ लीटर’ ही मोटार इंग्लंडच्या बाजारात आली, तेव्हा तिच्या नुसत्या चासीची किंमत १,८५० पौंड होती. चासी म्हणजे चौकट, चाके आणि इंजिन. त्यावर बॉडी चढवण्याचे काम ग्राहकाच्या पसंतीच्या दुसऱ्या कारखान्याकडे जाई आणि त्याचे पैसे निराळे मोजावे लागत. आठ लीटरचे सहा सिलिंडरी इंजिन, अडीच टनांच्या आसपास वजन आणि तरीही ताशी १०० मैलांचा वेग. अशा गाड्या अवघ्या १०० बनल्या.

त्याच देशात चार-पाच वर्षांनी एखादा बेताच्या मिळकतीचा तरुण वापरलेली ‘बेंटली ३ लीटर’ शंभर पौंडांच्या आसपास, प्रसंगी त्याहूनही कमी किमतीत घरी आणू शकत होता. नवी असताना हीच गाडी बॉडीसह हजार पौंडांहून अधिक किमतीची होती. १९२४ आणि १९२७ मध्ये ल मॉंची चोवीस तासांची शर्यत याच प्रकारच्या गाडीने जिंकली होती.

जमाखर्चात ज्याला ‘घसारा’ म्हणतात, त्या शब्दात झीज गृहीत धरलेली असते: वस्तू वापरली, झिजली, म्हणून किंमत उतरली. या गाड्यांच्या बाबतीत ते गृहीतक फारसे लागू पडत नाही. बेंटलीच्या चासीला कंपनीची पाच वर्षांची हमी असे आणि त्या काळात ती असाधारण गोष्ट होती. यंत्र शाबूत, पण किंमत मात्र धुळीला मिळालेली. या कोड्याची उकल कारखान्यात सापडत नाही. ती ब्रिटिश अर्थखात्याच्या एका सूत्रात सापडते.

मोटारींवर अश्वशक्तीच्या प्रमाणात कर असावा, ही कल्पना ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धापूर्वीच रुजली होती. १९२० च्या कायद्याने तिला सुटसुटीत रूप दिले आणि १ जानेवारी १९२१ पासून प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड असा दर लागू झाला. प्रश्न होता तो अश्वशक्ती मोजायची कशी, हा. प्रत्येक गाडी यंत्रशाळेत नेऊन तपासणे शक्य नव्हते. म्हणून ‘रॉयल ऑटोमोबाइल क्लब’ने बसवलेले एक जुने सूत्र स्वीकारण्यात आले: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांमध्ये वर्ग करावा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावे आणि २.५ ने भागावे.

या सूत्रात पिस्टन किती लांब धाव घेतो, याला स्थानच नाही. सूत्र बसवताना पिस्टनचा वेग मिनिटाला १,००० फूट असा ठोकळ मानाने धरलेला होता. इंजिने त्या वेगाच्या कितीतरी पुढे निघून गेली, तरी सूत्र होते तिथेच राहिले. त्यामुळे ‘करातली अश्वशक्ती’ आणि खरी अश्वशक्ती यांचा संबंध तुटला. पुढे गाड्यांच्या नावांतच हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिण्याची पद्धत पडली, आधी कराचा आणि मग खरा.

याचा पहिला फटका बसला तो अमेरिकन फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला. पावणेचार इंच व्यासाचे चार सिलिंडर असलेल्या या गाडीची सूत्राप्रमाणे अश्वशक्ती भरली २२.५, म्हणजे कर २३ पौंड. प्रत्यक्षात तिचे इंजिन वीसच्या आसपासच अश्वशक्ती देत असे. १९२२ च्या इवल्याशा ‘ऑस्टिन सेव्हन’ला मात्र केवळ ८ पौंड. परदेशी गाड्यांवर १९१५ पासून ३३⅓ टक्के आयातशुल्क होतेच; त्यात या कराने रुंद सिलिंडरच्या अमेरिकन गाड्यांची वाट अधिकच अवघड केली. देशी कारखानदारांना अर्थातच हे सोयीचे होते.

इंग्रज अभियंत्यांनी पळवाट काढली: सिलिंडर अरुंद आणि उंच करायचा. बेंटली ३ लीटरच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव १४९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. परिणामी सत्तरहून अधिक खरी अश्वशक्ती असलेल्या या गाडीला कर पडे फक्त १६ पौंड, म्हणजे फोर्डच्या ‘मॉडेल टी’पेक्षाही कमी! वॉल्टर ओवेन बेंटली यांचे पहिले मोटारीचे इंजिन एका अर्थी कायद्याच्या चौकटीत चपखल बसले होते.

ही चतुराई पुढे टिकली नाही. स्पर्धा वाढली, ग्राहकांना प्रशस्त आणि बंदिस्त बॉडी हवी झाली, बॉडी जड झाल्या, त्या ओढायला अधिक मोठे इंजिन लागले. ‘साडेचार लीटर’च्या सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर झाला आणि कर २५ पौंडांवर गेला. ‘८ लीटर’चे सहा सिलिंडर ११० मिलिमीटरचे होते, तिची सूत्रातली अश्वशक्ती सुमारे ४५, म्हणून वर्षाचा कर ४५ पौंड.

नव्या गाडीसाठी दोन-अडीच हजार पौंड मोजणाऱ्याला ४५ पौंड म्हणजे किरकोळ रक्कम. मेख आहे ती पुढच्या टप्प्यावर. कर गाडीच्या वयाबरोबर उतरत नसे. पहिला मालक लक्षाधीश असो वा तिसरा मालक शाळामास्तर, सिलिंडरचा व्यास तोच, म्हणून करही तोच. गाडीची किंमत निम्मी झाली, चौथाई झाली, तरी तिला रस्त्यावर ठेवण्याचा खर्च इंचभरही मागे सरत नव्हता. खरेदीदार मनातल्या मनात हा पुढचा सगळा खर्च किमतीतून वजा करत असे आणि जी बाकी उरे, ती विक्रेत्याच्या हाती पडे.

१९३५ चे एक उदाहरण मांडून पाहता येईल. त्या वर्षी कर कमी होऊन अश्वशक्तीमागे १५ शिलिंगांवर आला होता (पौंडाचे शिलिंग २०). म्हणजे ‘८ लीटर’ला ३३ पौंड १५ शिलिंग. समजा मालकाने वर्षभरात ५,००० मैल गाडी चालवली. गॅलनमागे ११ मैल धरले, तर सुमारे ४५५ गॅलन पेट्रोल लागेल. गॅलनचा भाव दीड शिलिंगाच्या आसपास होता. म्हणजे पेट्रोलचे ३४ पौंड. कर आणि पेट्रोल जवळजवळ समसमान! दोन्ही मिळून ६८ पौंडांच्या घरात. टायर, तेल, विमा आणि दुरुस्ती यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

त्याच वर्षी फोर्डने आपली ८ अश्वशक्तीची छोटी चारचाकी नवी कोरी १०० पौंडांना विकायला काढली. तिचा वर्षाचा कर ६ पौंड. गॅलनमागे ४० मैल धरले, तर तेवढ्याच प्रवासाचे पेट्रोल साडेनऊ पौंडांच्या आत. कारखान्यातल्या पुरुष कामगाराची मिळकत आठवड्याला सव्वातीन पौंडांच्या आसपास असण्याचा तो काळ. ‘८ लीटर’चा नुसता कर अशा कामगाराच्या दहा आठवड्यांच्या मजुरीइतका होता; नव्या फोर्डच्या किमतीचा तो तिसरा हिस्सा होता. एखाद्याने बेंटली फुकट देऊ केली असती, तरी बहुतेक कुटुंबांनी हात जोडले असते. पांढरा हत्ती पोसायचा कोणी?

दुरुस्तीचा भाग तर वेगळाच. बेंटलीच्या इंजिनात सिलिंडरचा ठोकळा आणि वरचे डोके एकसंध ओतलेले असे. हेड गॅस्केट जळण्याची भीती त्यामुळे उरली नाही, शर्यतीत हा मोठाच लाभ. पण त्या काळच्या पेट्रोलने आणि तेलाने इंजिनात काजळी धरे. काही हजार मैलांनी ती खरवडून व्हॉल्व्ह घासून बसवावे लागत. साध्या गाडीचे हेड चार नट सोडवून उचलता येई. बेंटलीचा मात्र अख्खा ओतीव ठोकळा क्रँककेसवरून उतरवावा लागे. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात सोळा आणि आठ. गॅरेजमध्ये हे काम तासांच्या हिशेबाने चाले आणि बिलही त्याच हिशेबाने येई. नव्या गाडीचा मालक ते बिल बघतही नसेल. सातव्या-आठव्या वर्षी गाडी घेणाऱ्याला मात्र त्यात गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा दिसे.

याच सुमारास काळानेही पाठ फिरवली. १९२९ च्या अखेरीस अमेरिकन शेअरबाजार कोसळला आणि मंदीची लाट ब्रिटनवर आली. खाणमालकाचा वारस वुल्फ बार्नाटो याने १९२६ पासून बेंटली कंपनीत पैसा ओतला होता. १९३१ च्या उन्हाळ्यात त्याने हात आखडता घेतला आणि कंपनी दिवाळ्यात गेली. नेपियर कंपनी ती घेणार असे वाटत असतानाच एका मध्यस्थ संस्थेच्या आडून सुमारे सव्वा लाख पौंडांना रोल्स-रॉइसने ती घेतली. क्रिकलवुडचा जुना कारखाना बंद झाला. तिथे बनलेल्या तीनेक हजार गाड्या एका अर्थी पोरक्या झाल्या, आणि पोरक्या गाडीला बाजारात भाव नसतो. त्याच वर्षाच्या आरंभापासून ब्रिटनमध्ये तृतीय पक्षाचा विमाही सक्तीचा झाला होता.

एवढे सगळे प्रतिकूल असताना या गाड्या वाचल्या कशा? काही वाचल्या नाहीत, हे आधी सांगायला हवे. अनेक भंगारात गेल्या. पण किंमत तळाला गेल्यामुळेच एक नवा ग्राहकवर्ग पुढे आला. विद्यार्थी, उमेदवारी करणारे अभियंते, हवाईदलातले तरुण अधिकारी. यांच्याकडे पैसा बेताचा होता, पण रविवार मोकळा होता आणि हात काळे करण्याची तयारी होती. गॅरेजमध्ये ज्या कामाचे बिल डोळे पांढरे करी, ते काम हे लोक दोन मित्र आणि एक कप्पी यांच्या जोरावर घरच्या अंगणात करत. मजुरी शून्य धरली, की बेंटलीचे गणित एकदम बदलते. कर आणि पेट्रोल उरतेच, पण ‘३ लीटर’चा १९३५ चा कर १२ पौंडच होता. म्हणून सर्वाधिक आश्रय याच लहान इंजिनाच्या गाडीला मिळाला.

१९३४ मध्ये अशाच उत्साही आणि फारशा श्रीमंत नसलेल्या मंडळींनी ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ काढला. १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच तिथे प्रवेश होता. आज जगभर ‘व्हिंटेज’ गाड्यांची जी कालमर्यादा सांगितली जाते, तिचे मूळ या क्लबच्या नियमात आहे. गंमत अशी, की स्थापनेच्या वेळी त्यातल्या सर्वांत ‘व्हिंटेज’ गाडीचे वय जेमतेम पंधरा होते. दोन वर्षांनी ‘बेंटली ड्रायव्हर्स क्लब’ स्थापन झाला.

इयान फ्लेमिंग यांच्या पहिल्या कादंबरीत, १९५३ च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये, जेम्स बॉन्ड ॲस्टन मार्टिन चालवत नाही. त्याच्याकडे सुपरचार्जर बसवलेली जुनी साडेचार लीटर बेंटली आहे. फ्लेमिंग लिहितात, की बॉन्डने ती १९३३ मध्ये जवळजवळ नवी असताना घेतली आणि युद्धकाळात जपून ठेवली. बेंटलीचा एक जुना मेकॅनिक तिची निगा राखतो. चित्रपटांमुळे हा तपशील झाकला गेला. पण १९३३ हे साल निवडताना लेखकाला त्या काळचा बाजार ठाऊक असावा असे दिसते: कंपनी बुडून दोन वर्षे झालेली, मंदी चालू, आणि गाडी जेमतेम वापरलेली. खरेदीला याहून चांगला मुहूर्त नव्हता.

युद्धाने मात्र पुन्हा फटका दिला. १९४० पासून कर अश्वशक्तीमागे २५ शिलिंग झाला, म्हणजे ‘८ लीटर’ला ५६ पौंड ५ शिलिंग. सप्टेंबर १९३९ मध्ये पेट्रोल शिधापत्रिकेवर आले होते. जुलै १९४२ मध्ये खासगी गाड्यांचा शिधाच बंद करण्यात आला. गाड्या विटांवर चढल्या, त्यांवर ताडपत्री पडली. शिधावाटप पूर्णपणे उठायला मे १९५० उजाडला. दरम्यान, ज्या सूत्राने पाव शतक इंग्लिश इंजिनांचा आकार ठरवला होता, ते गुंडाळण्यात आले आणि १९४८ पासून नव्या गाड्यांना सरसकट १० पौंडांचा कर आला. निर्यातीसाठी मोठ्या व्यासाची इंजिने हवी होती आणि अरुंद सिलिंडरची इंग्लिश गाडी परदेशात दम टाकते, हे सरकारच्या ध्यानात आले होते.

त्या हलाखीच्या वर्षांची एक खूण मात्र आजही दिसते. जड, बंदिस्त बॉडी पेट्रोल खाते आणि वेग मारते, म्हणून अनेक मालकांनी सुबक लाकूडकामाच्या सलून बॉडी उतरवून फेकल्या आणि त्याच चासीवर हलक्या उघड्या बॉडी चढवल्या. आज संमेलनांत दिसणारी हिरवी, उघडी, कातडी पट्ट्यांच्या बॉनेटची बेंटली पुष्कळदा अशीच नंतर घडवलेली असते. मूळ बंदिस्त बॉडी शाबूत असलेली गाडी त्यामुळे दुर्मीळ झाली. स्वस्ताईने यंत्र वाचवले आणि सुतारकाम गमावले.

२०१२ मध्ये शर्यतपटू टिम बर्किन याची लाल, एका आसनाची सुपरचार्ज्ड बेंटली गुडवुडच्या लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या खासगी गाडीला आता रस्त्याचा कर माफ आहे. मालकाने दरवर्षी परवाना मात्र घ्यायचा असतो. ‘८ लीटर’च्या त्या परवान्यावर भरायची रक्कम शून्य पौंड असते.