नाटकाआधी कुठे जेवायचं? एका मोडलेल्या गृहीतकाची गोष्ट

मी भाईंदरला राहते आणि नाटक बघायला दादरला जाते. वाक्य साधं आहे, पण माझ्या पीएचडीचं एक प्रकरण त्यातून निघालं, आणि ते निघण्याआधी दुसरं एक प्रकरण बाद झालं. पेट, नेट-सेटची तयारी करताना गृहीतकाची व्याख्या आपण सगळे पाठ करतो. ते मोडतं तेव्हा काय करायचं हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात पोटापासून झाली. रविवार, शिवाजी मंदिर, दुपारी चारचा प्रयोग. मी आणि मैत्रीण दीडच्या सुमारास निघालो, विरारहून भरून आलेल्या गाडीत उभ्यानं प्रवास केला आणि अडीचनंतर दादरला उतरलो. भूक सपाटून लागलेली. समोर पहिलं जे एसी हॉटेल दिसलं त्यात शिरलो. ताट यायला पाऊण तास लागला, बिल दोन तिकिटांपेक्षा जास्त झालं, आणि धावत पोचलो तोवर पडदा वर गेला होता. अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून खुर्ची शोधताना मनात एकच: नाट्यगृहाच्या आसपास हॉटेलवाले प्रेक्षकांच्या जिवावर जगतात, ते लुटणारच!

माझा विषय मुंबईतली नाट्यगृहं आणि त्यांचा परिसर असा होता. त्यामुळे ही चीड जराशी इस्त्री करून मी थेट आराखड्यात घातली. गृहीतक असं: आधी नाट्यगृह आलं, मग प्रेक्षक आले, आणि प्रेक्षकांसाठी उपाहारगृहं आली. गाईड मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला: "कशावरून?"

आता हा प्रश्न सोडवायला फार मोठी सैद्धांतिक चौकट लागत नाही. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखायचे. एकात नाट्यगृहांची सालं, दुसऱ्यात खाण्याच्या जागांची. शिवाजी मंदिर 1965 चं. दादर स्टेशनाच्या पश्चिमेला मामा काणे यांचं उपाहारगृह सुरू झालं 1910 साली. म्हणजे पंचावन्न वर्षं आधी! माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ षण्मुखानंद सभागृह उभं राहिलं 1963 मध्ये. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं. सेना भवनाजवळचं आस्वाद 1986 चं, ते तेवढं माझ्या बाजूनं उभं होतं. पण एका उदाहरणावर प्रकरण उभं राहत नाही.

मग मी थोडा हट्ट केला. म्हटलं, दादर-माटुंगा नंतरचे; खरा जुना नाटकवाला भाग ग्रँट रोडचा, तिथे जाऊ. ग्रँट रोडचं नाट्यगृह 1846 मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं. विष्णुदास भावे सांगलीहून मंडळी घेऊन मुंबईत आले आणि 1853 मध्ये त्यांनी इथे तिकीट लावून प्रयोग केले. पुढे या भागात इतकी थिएटरं झाली की 'प्ले हाऊस'चं लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झालं. इथे तरी प्रेक्षकांच्या जोरावर हॉटेलं निघाली असतील ना? पण स्टेशनाला लागून असलेलं, मावा केकसाठी लोकांच्या लक्षात राहिलेलं बी. मेरवान हे इराणी दुकान 1914 चं. त्या काळच्या थिएटरांपेक्षा साठ-सत्तर वर्षांनी धाकटं, आणि त्याचं तोंड स्टेशनाकडे.

मधली ती साठ-सत्तर वर्षं प्रेक्षक काय खात होते? याचं उत्तर आपल्या आजीला विचारलं तरी मिळेल: घरी जेवून यायचे. जुनं संगीत नाटक रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. प्रेक्षक आसपासच्या वस्तीतला, चालत येणारा. नटमंडळींचंही तेच. नाटक कंपनीचं गावोगाव बिऱ्हाड असे, स्वतःचे आचारी असत, पंगत बसे. थोडक्यात, हॉटेलवाल्याला ना नट गिऱ्हाईक म्हणून मिळत होता, ना प्रेक्षक.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फ्रँक कॉनलन या इतिहासकाराचा 1995 साली प्रसिद्ध झालेला 'डायनिंग आउट इन बॉम्बे' हा निबंध मिळवून वाचाच. घराबाहेर, कुणी शिजवलंय आणि शेजारी कोण बसलंय हे ठाऊक नसताना जेवणं, ही गोष्ट मुंबईत उशिरा आणि कुरकुरत रुजली. सोवळंओवळं आणि जात आडवी येत होती. 'स्वस्त आणि मस्त' हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो. पण कुणासाठी स्वस्त? ज्याला दारातच अडवलं त्याला दरपत्रकाचा उपयोग काय? राज्यघटनेचं कलम 15 उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या उपकलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा एकाच ओळीत आल्या आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून इथे कुणाला मज्जाव करता येणार नाही. मी दोन वर्षं नाट्यगृह आणि उपाहारगृह यांचा संबंध शोधत होते, आणि तो 1950 पासून घटनेत लिहिलेला होता. लायब्ररीत बसल्या बसल्या मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

मग ही उपाहारगृहं निघाली कुणासाठी? ज्यांच्याकडे चूल नव्हती त्यांच्यासाठी. कारकुनी करायला आलेले एकटे पुरुष, विद्यार्थी, गिरणी कामगार. रामा नायक यांच्या पाटीवरचा 'बोर्डिंग' हा शब्द तेच सांगतो. गिरणगावात तर खाणावळी घराघरांत होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार कुटुंब गावी ठेवून यायचा. चाळीतली एखादी बाई दहा-वीस जणांचं दोन वेळचं रांधायची आणि पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे. परळला 1922 साली दामोदर हॉल झाला, कामगारांची नाटकं तिथे रंगली, आणि त्यांचा प्रेक्षक याच खाणावळींमध्ये जेवून येत होता. या बायका स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. 1982 चा संप झाला, पगार थांबले, तेव्हा उधारीवर चालणाऱ्या त्या चुलींचं काय झालं असेल याचा अंदाज करा. स्वस्त ताटाची किंमत कुणीतरी कुठेतरी चुकवत असतं. माझ्या मते रंगभूमीच्या इतिहासात या बायकांना एक पान मिळायला हवं. बहुतेक पुस्तकांत एक ओळही नाही.

गंमत म्हणजे शहरातलं हे सगळ्यात परवडणारं जेवण बाहेरून नाटकाला आलेल्या माणसाला मिळणारच नव्हतं. खाणावळीत नाव लावावं लागे. पुढे राईस प्लेट देणारी उपाहारगृहं आली आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाचा दर वाटसरूलाही मिळू लागला.

मग माझ्यासारख्याला, नाटकाआधी दादरमध्ये जेवायची गरज कधी पडली? इथे पुन्हा भाईंदर. मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 ची, महापालिका 2002 ची. 1991 च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती. 2011 मध्ये आठ लाखांच्या वर. यातली बरीच मराठी कुटुंबं गिरगाव, लालबाग, दादर सोडून आलेली. खोली विकून इथे वन-बीएचके घेतला, नाटक मात्र तिथेच राहिलं. घरी जेवून चालत जाणारा प्रेक्षक लोकलनं येणारा झाला, तेव्हा कुठे 'नाटकाआधी काय खायचं' हा प्रश्न जन्मला. सुधारलेलं गृहीतक मग असं झालं: नाटकाशी जोडलेलं बाहेरचं जेवण ही नाट्यगृहाची निर्मिती नसून उपनगराची आहे. मॅडमनी यावेळी समासात काही लिहिलं नाही. त्यांच्या बाबतीत ही शाबासकी असते.

या सगळ्याचा व्यवहारात एक फायदा झाला, तोही सांगते, कारण फेलोशिप वेळेवर येत नाही हे तुम्हालाही कळेलच. नाट्यगृहाजवळ जेवायची जागा निवडताना मी आता दरपत्रक शेवटी बघते. आधी बघते ती गिऱ्हाइकं. प्रयोग नसलेल्या मंगळवारीही जिथे टेबलं भरलेली असतात, ती जागा नेहमीच्या माणसांवर चालते. तिथे दर आटोक्यात असतो आणि ताट पटकन येतं, कारण खाणाऱ्याला कामावर परत जायचं असतं. चारचा प्रयोग असेल तर अडीचच्या आत बसायचं. बऱ्याच ठिकाणी तीननंतर जेवण बंद होऊन नुसते उपाहाराचे पदार्थ उरतात. रात्रीचा प्रयोग असेल तर आधी थालीपीठ-ताक, नाहीतर मिसळ, मध्यंतरात बटाटेवडा, आणि जेवण घरी. प्रयोग संपल्यावर दादरला जेवत बसलं की गाडी चुकते, आणि भाईंदरपर्यंतच्या टॅक्सीत महिन्याभराच्या राईस प्लेटी जातात.

2022 मध्ये आमच्याच शहरात, दहिसर चेकनाक्याजवळ महाजनवाडीत, लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह सुरू झालं. म्हणजे 'आधी नाट्यगृह, मग उपाहारगृह' हे माझं जुनं, बाद झालेलं गृहीतक तपासायला आता घराजवळ जागा आहे, आणि तीही घडत असताना. या महिन्यापासून मी वही घेऊन तिथे जाते. एक रविवार प्रयोगाचा, एक मंगळवार रिकामा. आसपासच्या खाण्याच्या जागांमध्ये कोण बसलंय, काय मागवतंय, कुठून आलंय, एवढंच टिपते. पहिल्या मंगळवारी शेजारच्या बाकावर दोन रिक्षावाले होते. मी काय लिहितेय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. एक म्हणाला, "ताई, नाटकाचं माहीत नाही, पण इथली भाजी सोमवारी चांगली असते." तेही लिहून घेतलंय.