वाख, बीड आणि टेफ्लॉन : छोट्या इंजिनाच्या दट्ट्याची कडी

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर प्रश्न आला होता, की साडेतीन इंची रुळांवर चालणाऱ्या वाफेच्या छोट्या इंजिनात दट्ट्याला रिंग कशाची घालावी? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ‘कशाची’च्या आधी ‘कशासाठी’ विचारायची खोड असते, म्हणून जरा मागे जाऊ.

1712 मध्ये न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्याला चामड्याची चकती होती आणि वरून पाणी सोडलेलं असे. फट पाणीच बुजवायचं. जेम्स वॉटला ही सोय परवडेना, कारण त्याला सिलिंडर गरम ठेवायचा होता आणि पाण्याने तो थंड पडणार. मग आला वाख आणि चरबी. पण सिलिंडरच वाकडा असेल तर वाख तरी काय करणार? जॉन विल्किन्सनने 1774 मध्ये तोफांसाठी छिद्र पाडायचं नवं यंत्र केलं आणि त्याच हाताने वॉटला जवळजवळ निर्दोष सिलिंडर कातून दिले. तोफेचं वाफेच्या इंजिनावर असलेलं हे ऋण आपण सहसा विसरतो.

रेल्वेच्या इंजिनाला मात्र वेग असतो. तिथे जॉन रॅम्सबॉटम आला. त्याने दट्ट्यावर तीन अरुंद खाचा पाडल्या आणि त्यांत स्वतःच्या ताणाने बाहेर दाबणाऱ्या, एका जागी कापलेल्या कड्या बसवल्या. 1854 साली त्याने हे यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलं. पुढच्याच वर्षी तो पुन्हा उभा राहिला, कारण गोल कडी सगळीकडे सारखी दाबत नाही. सारखा दाब हवा असेल तर मोकळ्या कडीचा आकार आधी थोडा ‘चुकवावा’ लागतो. आम्हाला तर हा दुसरा निबंधच जास्त आवडतो.

आता छोटं इंजिन. वाफेचा जोर दट्ट्याच्या क्षेत्रफळावर, गळती परिघावर. व्यास दहावा हिस्सा झाला की जोर शंभरावा होतो, पण गळतीची वाट दहावीच. म्हणजे फट मोठ्या इंजिनात खपेल तशी इथे खपत नाही.

‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये 1920च्या दशकात एलबीएससी या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या गृहस्थांनी घरच्या लेथवर काम करणाऱ्यांना सोपा मार्ग दाखवला : काशाचा सिलिंडर आणि एका खाचेत ग्राफाइट लावलेला दोरा. म्हणजे फिरून वाखच! बिडाच्या सिलिंडरला बिडाची रिंग उत्तम, कारण बिडात ग्राफाइट मुळातच असतं. पण इंजिन ओलं ठेवून महिनाभर विसरलात तर ते गंजून धरणार.

आणि टेफ्लॉन. तो 1938 मध्ये सापडला, निसरडा, गंजाची भीती नाही. आम्ही मित्रांनी एकदा 25 मिलिमीटरच्या काशाच्या सिलिंडरला साध्या टेफ्लॉनची रिंग केली आणि टोकांमधली फट बिडाच्या रिंगेइतकीच ठेवली. थंड असताना दट्ट्या लोण्यासारखा चालला. वाफ चढली आणि चाकं जागच्या जागी थिजली! थंड झाल्यावर पुन्हा मोकळी. तेव्हा हिशेब मांडला. साडेपाच बार दाबाची वाफ सुमारे 160 अंशांची, म्हणजे तापमान वाढलं 140 अंशांनी. टेफ्लॉन काशाच्या सहा-सात पट फुगतो. 78 मिलिमीटर परिघावर फट एक मिलिमीटरहून जास्त मिटते. आम्ही ठेवली होती त्याच्या पावभरही नाही. हा हिशेब आधी पाच मिनिटांत झाला असता.

म्हणून आमचं मत असं : सिलिंडर बिडाचा आणि वाफ अतितप्त असेल तर बीडच. टेफ्लॉन 260 अंशांपुढे नेऊ नये. काशाला कांस्य किंवा कार्बन मिसळलेला टेफ्लॉन घ्या, पण फट गरम अवस्थेची मोजा. कोरड्या दोऱ्यालाही नाक मुरडू नका.

एक मात्र गांभीर्याने. जुनं इंजिन विकत घेऊन उघडणार असाल, तर आतला राखाडी दोरा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, पूर्वी तोच सर्रास वापरत. तो कोरडा खरवडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. आधी पूर्ण भिजवा, ओलाच काढून पिशवीत बंद करा, आणि त्या वेळी लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.