भक्ती : भाव आणि भाग

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. संतसाहित्याच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, भक्ती म्हणजे नेमके काय?" मी पुस्तकी उत्तर दिले : ईश्वराविषयीचे परम प्रेम. शब्दाचे मूळ पाहिले तेव्हा ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले.

'भक्ती'चा धातू 'भज्'. भज् म्हणजे वाटणे, वाटून घेणे. भाग, विभाग, विभक्त ही याच घरातली भावंडे. 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा, मग शिजवलेले अन्न; प्राकृतात त्याचे 'भत्त' झाले आणि आपल्या ताटात तो 'भात' म्हणून आला. पाणिनीच्या व्याकरणात भक्ती म्हणजे ओढ. ती वासुदेवाविषयी असते, तशी खाण्याच्या पदार्थाविषयीही. गीतेत मात्र हा शब्द देवाला शरण जाण्यापाशी स्थिरावतो.

पण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार दिले आहेत. त्यातला एक 'भक्तदास', केवळ अन्नासाठी राबणारा. हे वाचताना मला माझे पणजोबा आठवले. गावकी करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. गाव त्याला हक्क म्हणे; देण्याची रीत मात्र भिकेची होती.

येथे प्रश्न उभा राहतो. वाट्याचा हा शब्द शरणागतीचा झाला, तेव्हा वाटा कुठे गेला? चोखामेळा चौदाव्या शतकातला. पंढरीच्या वाळवंटात संतांनी त्याला जवळ केले. देवळाचे दार मात्र बंदच राहिले. 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो गेला. त्याची समाधी देवळाबाहेर, पायरीपाशी. दार उघडायला 1947 साल उजाडले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबाच्या पदरी भाव होता, भाग नव्हता.

बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बजावले की, धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेईलही; राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. संतांविषयी आदर आणि भक्तीविषयी सावधपणा या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या.

आज आपल्याच चळवळीत पुढाऱ्यांचे भक्त वाढत आहेत. त्या विद्यार्थ्याला आता मी एवढेच सांगेन : जिथे भक्ती मागितली जाते, तिथे आधी आपला वाटा विचार.