लिनक्स लॅपटॉप झोपेतून जागा होत नाही तेव्हा

झाकण मिटले की लॅपटॉप झोपी जावा आणि उघडताच काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू व्हावे, ही अपेक्षा साधी आहे. लिनक्सवर चालणाऱ्या काही लॅपटॉपांत ती फोल ठरते. झाकण उघडल्यावर काळा पडदा समोर येतो, पंखा फिरत राहतो आणि अखेर पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. सेव्ह न केलेले काम त्याबरोबर नाहीसे होते. म्हणून बटणाकडे हात नेण्याआधी यंत्र खरोखर थिजले आहे की केवळ पडदा उजळलेला नाही, हे ठरवले पाहिजे.

त्यासाठी कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल जागा आहे आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्यास पुष्कळदा अक्षरी टर्मिनल उघडते; एसएसएच आधीपासून चालू असेल तर दुसऱ्या संगणकावरूनही आत शिरता येते. दिवा ढिम्म राहिला, तर मात्र बटणावाचून बहुधा गत्यंतर नसते.

पुन्हा सुरू झाल्यावर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मागील बूटची नोंद वाचावी. तीत 'सस्पेंड एंट्री' ही ओळच नसेल, तर यंत्र झोपेकडे वळलेच नव्हते. झाकणाची सेटिंग किंवा झोप रोखून धरणारा एखादा प्रोग्राम तपासावा. 'एंट्री'नंतर 'सस्पेंड एक्झिट' आढळली, तर कर्नल जागा झाला होता. एंट्री आहे पण एक्झिट नाही, तेव्हा बिघाड अधल्यामधल्या टप्प्यात असतो. येथे एक फसगत संभवते: त्या वेळी डिस्कही झोपी जात असल्याने शेवटच्या ओळी कधीकधी लिहिल्याच जात नाहीत. नोंदीतील शेवटची ओळ हाच दोषी, असे मानणे घाईचे ठरते.

झोपेचे प्रकारही दोन आहेत. 'सिस' फोल्डरातील 'पॉवर'मध्ये 'मेम_स्लीप' नावाची फाईल असते. तीत चौकटी कंसात असलेला शब्द म्हणजे सध्याचा प्रकार. 'डीप' म्हणजे जुनी एस-३ अवस्था: प्रोसेसर बंद, वीज जवळजवळ केवळ रॅमला. 'एस-टू-आयडल'मध्ये प्रोसेसर स्वस्थ बसतो, बंद होत नाही. एखादे उपकरण त्याला स्वस्थ बसू देत नसेल तर बॅग तापते आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. 'डीप' उपलब्ध असल्यास कर्नलच्या 'मेम_स्लीप_डीफॉल्ट' या पॅरामीटरने तीच कायम करता येते. अनेक नव्या लॅपटॉपांचे फर्मवेअर मात्र एस-३ देतच नाही. तेथे हट्ट व्यर्थ आहे, बायोसचे अपडेट शोधणे अधिक फलदायी.

टप्पा शोधण्याचे उत्तम साधन म्हणजे त्याच फोल्डरातील 'पीएम_टेस्ट', जे डीबगची सोय असलेल्या कर्नलमध्ये मिळते. तीत 'फ्रीझर', 'डिव्हायसेस', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स' आणि 'कोअर' हे शब्द याच क्रमाने एकेक लिहून दर वेळी झोपेची आज्ञा द्यावी. कर्नल त्या टप्प्यापर्यंत जाऊन सुमारे 5 सेकंद थांबतो आणि परततो. 'डिव्हायसेस'पाशी अडला, तर वाय-फाय, ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर एकेक काढून पुन्हा पाहावे. एनव्हिडियाच्या खासगी ड्रायव्हरबाबत व्हिडिओ मेमरी जपण्याचा पर्याय आणि त्याच्या सस्पेंड-रिझ्यूम सेवा चालू आहेत ना, हे आधी तपासावे. बिघाड अपडेटनंतर उद्भवला असेल, तर ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग होय.

याच्या उलट तक्रार म्हणजे झोपलेला लॅपटॉप आपणहून जागा होणे. 'प्रॉक' फोल्डरातील 'एसीपीआय'मध्ये 'वेकअप' ही फाईल जागे करण्याचा अधिकार असलेल्या उपकरणांची यादी दाखवते. तीत उपकरणाचे नाव लिहिले की त्याचा अधिकार निघतो. मात्र हा बदल पुढील बूटपर्यंतच टिकतो.