गृहआघाडीचे चित्रपट (दुसरे महायुद्ध : ब्रिटन व अमेरिका)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रणांगणापासून दूर असलेल्या नागरिकांचे जीवन हा ज्यांचा मुख्य विषय आहे, अशा कथापटांचा व माहितीपटांचा वर्ग. हवाई हल्ले, रेशन, काळोखबंदी (ब्लॅकआउट), कारखान्यातील सक्तीचे काम, घरच्या माणसाच्या पत्राची वाट पाहणे हे त्यांचे नेहमीचे प्रसंग. या वर्गातील महत्त्वाचे चित्रपट १९४० ते १९४६ या काळात तयार झाले. ब्रिटनमध्ये माहिती मंत्रालयाचा चित्रपट विभाग आणि अमेरिकेत १९४२ मध्ये स्थापन झालेले युद्ध माहिती कार्यालय यांची त्यांवर नजर होती. हा चित्रपट युद्ध जिंकायला मदत करील का, हा प्रश्न निर्मात्यांनी आधी स्वतःला विचारावा, असे अमेरिकी कार्यालयाने लेखी मार्गदर्शिकेतच सांगितले होते. त्यामुळे ‘हा प्रचार आहे की कला?’ या नेहमीच्या कसोटीचा इथे उपयोग होत नाही. हे सगळेच चित्रपट प्रचाराचे होते, आणि तरीही त्यांतले काही आज पाहवत नाहीत, तर काही पाहताना आजही श्वास रोखला जातो. हा फरक कशाने पडतो याचे उत्तर चित्रपट कोणाला उद्देशून बनवला होता या प्रश्नात शोधावे लागते. ज्यांनी ते दिवस स्वतः काढले त्यांच्यासमोर मांडलेली चित्रे टिकली, आणि दूरच्या प्रेक्षकाचे मन वळवण्यासाठी रंगवलेली चित्रे फिकी पडली. ब्रिटनमध्ये आठवड्याला चित्रपटगृहात जाणाऱ्यांची संख्या १९३९ मधील सुमारे १.९ कोटीवरून युद्ध संपताना तीन कोटींवर गेली होती. त्यांतल्या बहुतेकांना काळोखबंदीचा पडदा कसा लावतात हे माहीत होते. पडद्यावर तो चुकीचा लावला असता तर ते त्यांच्या लगेच लक्षात आले असते.

दूरच्या प्रेक्षकासाठी बनलेल्या चित्रपटाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विल्यम वायलरचा ‘मिसेस मिनिव्हर’ (१९४२). जॅन स्ट्रथरने ‘द टाइम्स’मध्ये लिहिलेल्या सदरातून ही व्यक्तिरेखा आली. चित्रपट मात्र एमजीएमने कॅलिफोर्नियातील स्टुडिओत बनवला. इंग्लंडचे ते गाव, नदी, गुलाबांचे प्रदर्शन, सगळे तिथेच उभारलेले. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती आणि तिला उतरवण्याची इच्छा चित्रपटामागे स्पष्ट होती. मिनिव्हरबाईंच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या जखमी जर्मन वैमानिकाचे दृश्य पर्ल हार्बरनंतर अधिक कडक करून घेतले, असे सांगितले जाते. या चित्रपटाला ऑस्करची सहा पारितोषिके मिळाली. पाद्रीचे अखेरचे प्रवचन तर पडद्याबाहेरही वाचले गेले. आज पाहताना मात्र नव्या टोपीचा आणि नव्या मोटारीचा आनंद घेणारे ते कुटुंब सर्व इंग्रजांचे प्रतिनिधी म्हणून उभे केलेले पाहून अवघडल्यासारखे होते. गावातली कष्टकरी माणसे तिथे बहुधा टोपी काढून अदबीने बोलण्यापुरतीच येतात. याला अपवाद बागेतल्या निवाऱ्याच्या दृश्याचा. नवराबायको मुलांना निजवून हलक्या आवाजात ‘ॲलिस’ची गोष्ट आठवत बसतात, बाई विणत असते, स्फोट जवळ येत जातात आणि मुले किंचाळत उठतात. कॅमेरा त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पडत नाही. एवढ्या भागापुरता हा चित्रपट कोणालाही काही पटवून देत नाही, आणि म्हणूनच तो भाग तसाच्या तसा उरला आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ‘मिसेस मिनिव्हर’ ब्रिटनमध्येही तुफान चालला. बॉम्ब झेलणाऱ्या लोकांनीच तो उचलून धरला असेल, तर जाणत्या प्रेक्षकाचा धाक हा सिद्धान्त कुठे राहतो? उत्तर असे की प्रेक्षकाची पसंती आणि प्रेक्षकाचा धाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या माणसाला आपले रूप थोडे उजळून दाखवलेले आवडते, त्यात गैर काही नाही. पण कॅलिफोर्नियात बसलेल्या पटकथाकारांना त्या माणसाची भीती नव्हती. लंडनजवळच्या स्टुडिओत बसलेल्यांना ती होती, कारण चित्रपटाचा खेळ सुटल्यावर त्यांना त्याच रस्त्याने घरी जायचे होते.

ही भीती किती उपयोगाची ठरली ते फ्रँक लाँडर व सिडनी गिलियट यांच्या ‘मिलियन्स लाइक अस’ (१९४३) मध्ये दिसते. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवेची सक्ती झाली. या चित्रपटातील सीलियाला (पॅट्रिशिया रॉक) गणवेशाची, वैमानिकांच्या सहवासाची स्वप्ने पडत असतात. प्रत्यक्षात तिला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाठवले जाते आणि ती निराश होते. सरकारी उत्तेजनाने बनलेल्या चित्रपटात नायिकेचे हे तोंड पाडणे दाखवणे धाडसाचे होते. प्रेक्षागृहात बसलेल्या हजारो मुलींची तीच निराशा झाली नसती, तर ते धाडस झालेही नसते. काही भाग खऱ्या विमानकारखान्यात चित्रित झाला आहे. यंत्रापुढचे पहिले अडखळणे, वसतिगृहातील खोली, वेल्सची मैत्रीण ग्वेन, जेवणघरातला कलकलाट या गोष्टींना चित्रपट पुरेसा वेळ देतो. सीलियाचे एका तरुण हवाई तोफचीशी (गॉर्डन जॅक्सन) लग्न होते आणि तो जर्मनीवरील हल्ल्यात मारला जातो.

अखेरचे दृश्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात गाण्याचा कार्यक्रम चालू आहे. गाणे आहे लग्नाच्या दिवशी वाट पाहत राहिलेल्या नवरीचे, जुने आणि थट्टेचे. सगळे एका सुरात गातात. विधवा सीलिया टेबलापाशी गप्प बसलेली आहे. ग्वेन तिच्याकडे पाहते. डोक्यावरून बॉम्बफेकी विमाने जाऊ लागतात आणि सीलियाचे ओठ हलू लागतात. इथे भाषण नाही, झेंडा नाही. दुःखाला वेळ न देता कामावर परतावे लागलेल्या बाईला नेमके कसे वाटते, हे ठाऊक असलेल्या बायकांसमोर ते दाखवले गेले, म्हणून ते इतके आवरलेले आहे. त्याआधीचा एक संवादही तितकाच महत्त्वाचा. फोरमन चार्ली (एरिक पोर्टमन) वरच्या वर्गातल्या जेनिफरला सांगतो की आत्ता आपण एकत्र आहोत, पण युद्धानंतर हे असेच राहील की सगळे पुन्हा पूर्ववत होईल याची खात्री पटेपर्यंत मी लग्न करणार नाही. जिंकण्यापूर्वीच विजयानंतरच्या इंग्लंडविषयी शंका घेणारा हा संवाद सरकारी छत्राखालच्या चित्रपटात आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

हम्फ्री जेनिंग्ज (१९०७–१९५०) याचे स्थान या वर्गात सर्वांत वरचे मानावे लागते. सामान्य माणसांच्या रोजच्या वागण्याच्या नोंदी घेणाऱ्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमाचा तो १९३७ मध्ये एक संस्थापक होता आणि त्या नोंदी घेणाऱ्याची नजर त्याच्या चित्रपटांत उतरली. ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ (१९४३) मध्ये एकही व्यावसायिक नट नाही. लंडनच्या साहाय्यक अग्निशमन दलातील माणसेच त्यात काम करतात. नवखा बॅरेट झालेला विल्यम सॅन्सम हा लेखकही तेव्हा खराखुरा अग्निशामक होता. बंब पुसण्यापासून संध्याकाळच्या विश्रांतीपर्यंत पहिला अर्धा भाग जवळजवळ काहीच घडत नाही. बॅरेट पियानोवर बसतो आणि एका वाढत्या कडव्यांच्या गाण्यावर एकेक गडी गणवेश चढवून खोलीत येतो. पुढे गोदीतल्या गोदामाला आग लागते, शेजारी दारूगोळ्याचे जहाज असते. स्फोटाने खाली पडलेली टेलिफोनवरची मुलगी पुन्हा खुर्चीवर बसते आणि मध्ये बोलणे तुटल्याबद्दल पलीकडच्या माणसाची माफी मागते. आक्षेप असा घेतला जातो की ही सगळी आग नंतर लावलेली आहे. लंडनवरील सलग हल्ले सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात झाले, चित्रीकरण त्यानंतरचे. हे खरे आहे, पण त्याने चित्रपटाचे मोल कमी होत नाही. पाण्याची नळी कशी धरायची, दाब पडला की काय ओरडायचे, हे ती माणसे अभिनयाने करत नव्हती, सवयीने करत होती. नेहमीच्या प्रसारातली प्रत कापलेली आहे; मोठी प्रत ‘आय वॉज अ फायरमन’ या नावाने ओळखली जाते.

जेनिंग्ज आणि स्टुअर्ट मॅकॲलिस्टर यांचा वीस मिनिटांचा ‘लिसन टू ब्रिटन’ (१९४२) या नोंदीतील मताची सर्वांत चोख साक्ष देतो. त्यात निवेदन नाही. कारखान्याच्या जेवणघरात फ्लॅनगन आणि ॲलन हे लोकप्रिय गायक गात आहेत, तिथून दृश्य थेट नॅशनल गॅलरीत मायरा हेस वाजवत असलेल्या मोत्झार्टवर जाते. सुरक्षिततेसाठी हलवलेल्या चित्रांच्या भिंती रिकाम्या दिसतात. एक संगीत वरचे, दुसरे खालचे असे हा चित्रपट मानत नाही. परदेशी प्रेक्षकांना हे कळणार नाही या भीतीने सुरुवातीला लेनर्ड ब्रॉकिंग्टनचे भाषण जोडले गेले. आज हा चित्रपट पाहताना शिळी वाटणारी गोष्ट एकच, ते भाषण.

अल्बेर्तो काव्हाल्कान्तीचा ‘वेन्ट द डे वेल?’ (१९४२) हा ग्रॅहम ग्रीनच्या कथेवर आधारलेला चित्रपट न घडलेल्या जर्मन आक्रमणाची गोष्ट सांगतो. त्यातली पोस्टमास्तरीण जर्मन सैनिकाच्या डोळ्यांत मिरपूड फेकते, कुऱ्हाडीने त्याला मारते आणि मदतीसाठी फोन लावते. पलीकडच्या मुली गप्पांत दंग असल्याने उत्तर यायला उशीर होतो आणि तेवढ्यात दुसरा सैनिक तिला मारतो. गावातला प्रतिष्ठित जमीनदार फितूर निघतो, हेही त्या काळच्या प्रेक्षकासमोर ठेवणे सोपे नव्हते. पॉवेल व प्रेसबर्गर यांचा ‘अ कँटरबरी टेल’ (१९४४) प्रदर्शनाच्या वेळी पडला आणि अमेरिकेसाठी त्याची मोडतोड झाली. मूळ रूपात तो परत मिळाल्यानंतर त्याची योग्यता कळली.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बॉम्बवर्षाव झाला नाही, म्हणून तिथले चित्रपट बहुतेक वाट पाहण्याचे आहेत. डेव्हिड सेल्झनिकच्या ‘सिन्स यू वेन्ट अवे’ (१९४४) मध्ये घरधनी फक्त छायाचित्रात दिसतो. जवळजवळ तीन तास घर त्याच्याभोवती फिरते. घराला अजिंक्य किल्ला ठरवणारा हा चित्रपट आज जड वाटतो, आणि हॅटी मॅकडॅनिअलने साकारलेली कृष्णवर्णीय मोलकरीण आपण होऊन त्या घरी राबायला परत येते हे तर बोचते. जॉर्ज स्टीव्हन्सचा ‘द मोअर द मेरियर’ (१९४३) मात्र वॉशिंग्टनमधील घरटंचाईवर हसतो आणि अजूनही ताजा आहे, कारण त्या शहरातल्या प्रत्येकाला ती टंचाई रोज भोगावी लागत होती. वायलरने स्वतः हवाई दलात काम करून परतल्यावर काढलेला ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ (१९४६) काटेकोर अर्थाने युद्धकालीन नाही, पण त्याच्याशिवाय ही नोंद अपुरी राहील. त्यात परतलेल्या सैनिकाची भूमिका करणाऱ्या हॅरोल्ड रसेलने प्रत्यक्षातही प्रशिक्षणातील अपघातात दोन्ही हात गमावले होते. रात्री निजताना हातांच्या जागी लावलेले आकडे उतरवून ठेवल्यावर आपण किती परावलंबी होतो, हे तो सैनिक होणाऱ्या बायकोला दाखवतो. ती त्याच्या सदऱ्याची बटणे लावते. ‘मिसेस मिनिव्हर’च्याच दिग्दर्शकाने, घरी परतलेल्या माणसांसमोर उभे राहून, हे केले.

जाणत्या प्रेक्षकाचा धाक तपशिलातला खोटेपणा रोखतो, वगळण्यातला रोखत नाही, हे मान्य केले पाहिजे. मार्च १९४३ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसे मेली; अशा दुर्घटनेला या चित्रपटांत जागा नव्हती. पडझड झालेल्या घरांतली लूट जवळजवळ दिसत नाही. १९४२ पासून अमेरिकेत सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले; ‘घर, घर’ म्हणणाऱ्या चित्रपटांनी ती रिकामी झालेली घरे दाखवली नाहीत. टिकाऊपणा आणि न्याय्यता एकच नव्हेत, हे जपानच्या उदाहरणावरून आणखी स्पष्ट होते. अकिरा कुरोसावाच्या ‘इचिबान उत्सुकुशिकु’ (१९४४) मधील मुली भिंगांच्या कारखान्यात काम करतात. दिग्दर्शकाने नट्यांना खऱ्या वसतिगृहात ठेवले होते. एक सदोष भिंग शोधण्यासाठी रात्रभर जागणारी नायिका पाहताना ते भिंग कोणावर नेम धरण्यासाठी आहे याचा विसर पडतो, आणि प्रेक्षकाने तो पडू देऊ नये.

इतर देशांतील गृहआघाडीच्या चित्रपटांविषयी थोडक्यात. जर्मनी : झारा लेआंडर नायिका असलेला ‘डी ग्रोसे लीबे’ (१९४२) अतिशय लोकप्रिय ठरला.

भारत : युद्धासाठीचे माहितीपट काढण्यासाठी १९४० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डात व्ही. शांताराम काही काळ मुख्य निर्माते होते. युद्धकाळात कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे कथापटांची लांबी ११,००० फुटांवर मर्यादित झाली. ‘मिलियन्स लाइक अस’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. त्या आघाडीचा चित्रपट, ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’, १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर आला. मराठी फिल्म सोसायट्यांनी जेनिंग्जच्या चित्रपटांशेजारी तो एकाच कार्यक्रमात दाखवावा.