धानाच्या दाण्यातील गुणसूत्रांचा हिशेब

पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे धानाचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे अर्थकारण बव्हंशी धान आणि भातगिरण्यांवर अवलंबून आहे. धान निसवते तेव्हा त्याच्या इवल्या फुलात जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. मात्र लोंबी भरणार की पळींज राहणार आणि घरचे बियाणे पुढील वर्षी चालेल की नाही, हे तेथेच ठरते.

प्रत्येक सजीवाच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. माणसाच्या पेशीत ती ४६, तर धानाच्या पेशीत २४ असते. ही २४ गुणसूत्रे म्हणजे १२ जोड्या होत. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून, तर दुसरे पित्याकडून आलेले असते. प्रजनन पेशींतही २४ गुणसूत्रे राहिली असती, तर दर पिढीस ही संख्या दुप्पट झाली असती. तसे होऊ नये म्हणून प्रजनन पेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते आणि प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. एडुआर्ड व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये एका जंताच्या अंड्यात नर व मादी यांच्याकडून गुणसूत्रे समसमान येतात, हे दाखवून दिले होते.

धानाचे पीक पोटरीत असताना हे विभाजन घडते. परागकोशातील एका पेशीपासून चार परागकण होतात व प्रत्येकात १२ गुणसूत्रे असतात. बीजांडातही चार पेशी होतात. त्यांपैकी तीन नष्ट होतात आणि उरलेल्या एकीपासून अंडपेशी व दोन ध्रुवीय केंद्रके तयार होतात. या प्रत्येकातही १२ गुणसूत्रे असतात.

धानाचे फूल साधारणपणे सकाळी उमलते. त्यातील सहा पुंकेसरांचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. हे पराग काही मिनिटेच जिवंत राहतात. कुक्षीवर रुजलेल्या परागकणातून नलिका वाढते आणि दोन पुंयुग्मके बीजांडात पोहोचतात. पहिल्याचा अंडपेशीशी संयोग होऊन १२ अधिक १२, म्हणजे २४ गुणसूत्रांचा भ्रूण तयार होतो. दुसऱ्याचा दोन ध्रुवीय केंद्रकांशी संयोग होऊन ३६ गुणसूत्रांचा भ्रूणपोष तयार होतो. सपुष्प वनस्पतींतील हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये शोधून काढले. गिरणीत तूस निघते आणि पॉलिशमध्ये कोंड्याबरोबर भ्रूणही जातो. त्यामुळे ताटातील पांढरा भात म्हणजे जवळजवळ निव्वळ ३६ गुणसूत्रांचा भ्रूणपोष होय.

ही प्रक्रिया अत्यंत नाजूक आहे. पीक पोटरीत असताना कडाक्याची थंडी पडल्यास परागकण नीट घडत नाहीत. फुले उमलताना तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास परागसिंचनात अडथळा येतो. उन्हाळी धानाची लागवड लांबल्यास हा धोका वाढतो. फलन न झालेल्या फुलात भ्रूणपोषच तयार होत नाही आणि लोंबी उभी दिसली तरी दाणा पोकळ राहतो.

बियाण्याचा प्रश्नही याच हिशेबाशी निगडित आहे. धान मुख्यतः स्वपरागित असल्याने सरळ वाणात पिढ्यान्‌पिढ्या जोडीतील दोन्ही गुणसूत्रे जवळजवळ एकसारखी झालेली असतात. त्यामुळे कोणतेही गुणसूत्र पुढे गेले तरी पुढचे रोप मूळ वाणासारखेच निपजते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल-३’ वाणाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हे वाण विकसित केले. वेगळ्या लोंबीचे गुण पुढील पिढ्यांत टिकले, यामागचे शास्त्र हेच आहे. दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले, पण त्यांचे वाण आजही पूर्व विदर्भात घेतले जाते.

संकरित वाणाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या १२ जोड्यांतील गुणसूत्रे दोन भिन्न वाणांकडून आलेली असतात. अर्धसूत्री विभाजनात कोणत्या जोडीतील कोणते गुणसूत्र पुढे जाईल, याचे ४,०९६ प्रकार संभवतात. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल धरल्यास ही संख्या आणखी वाढते. म्हणून संकरित धानाचे दाणे पुन्हा पेरल्यास रोपांची उंची, पक्वतेचा काळ व उत्पन्न यांत एकसारखेपणा राहत नाही. त्यामुळे संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बियाणे मात्र भेसळीची रोपे वेळीच उपटून, निवडक लोंब्यांपासून घरीच राखता येते.

भाताच्या १२ गुणसूत्रांचा संपूर्ण आराखडा २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने प्रसिद्ध केला. त्यातील अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. गोंदियाच्या बांध्यांतील शेतकऱ्यासाठी या संशोधनाचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. पेरणीपूर्वी पिशवीवर ‘संकरित’ लिहिले आहे की ‘सुधारित’, हे वाचून घेतले तर पुढील हंगामाचा खर्च आधीच कळतो.