गोदाकाठचे लोक : भाषेचे मूळ आणि माणसांचे मूळ

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठी बोलली जाणारी मराठी ही आर्यकुलातील भाषा. म्हणून ती बोलणाऱ्यांचे मूळही आर्यांतच शोधावे, हा मोह जुना आहे. परंतु भाषेची वंशावळ ही माणसांची वंशावळ नव्हे.

आयर्लंडचे उदाहरण ह्या बाबतीत उद्बोधक आहे. आयरिश भाषा केल्टिक कुलातील, तेव्हा आयरिश लोक हे लोहयुगात मध्य युरोपातून आलेल्या केल्टांचे वंशज, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. राथलिन बेटावर सापडलेल्या तीन कांस्ययुगीन पुरुषांच्या अस्थींतील डीएनएचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. सुमारे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या ह्या माणसांचे आजच्या आयरिश लोकांशी निकटचे साम्य आढळले. लोकसंख्येचा पाया लोहयुगाच्या कितीतरी आधी घातला गेला होता. भाषा केव्हा आली, हे मात्र हाडे सांगत नाहीत.

दख्खनमध्ये असा पुरावा मिळविणे कठीण. पुणे जिल्ह्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफने विपुल निघाली. पण उष्ण प्रदेशात डीएनए सहसा टिकत नाही. हरियाणातील राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा डीएनए उपयोगी पडला (2019). म्हणून भिस्त ठेवावी लागते ती जिवंत माणसांच्या रक्तावर. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार भारतातील बहुतेक समाज दोन प्राचीन वंशप्रवाहांच्या मिश्रणातून घडले आहेत. हे मिश्रण साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी झाले, असे 2013 साली दाखविण्यात आले. जातीगणिक बदलते ते प्रमाण. मिश्रण चुकलेले नाही. शुद्ध कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांची ह्या निष्कर्षाने पंचाईत व्हावी.

मराठीतही दक्षिणेच्या खुणा आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हिंदीत नाही, कानडीच्या द्राविड कुलात आहे. मामाच्या मुलीशी विवाह उत्तरेत निषिद्ध, महाराष्ट्रातील कित्येक समाजांत मान्य. इरावती कर्वे यांनी 1953 साली आप्तसंबंधांच्या विवेचनात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले ते उगाच नव्हे. तथापि चालीरीती आणि व्याकरणाची वळणे शेजाऱ्याकडूनही उचलली जातात. जी सावधगिरी आर्यवाद्यांनी बाळगावयास हवी, तीच द्राविडवाद्यांनीही.